दिवसांना ३६५ ने भागून सोडू नका, तारीख लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात कोर्टनाक्याजवळ माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. कोर्ट, कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ज्याला कागद लागतो तो आमच्याकडे येतोच, आणि फॉर्म भरता भरता बऱ्याच जणांची गाडी एका प्रश्नावर अडते, ताई एवढे दिवस म्हणजे नक्की किती वर्षं झाली, महिन्यात सांगा ना. प्रश्न दिसतो सोपा. मोबाईल काढायचा, ३६५ ने भागायचं, झालं. पण ह्या भागाकाराने लोकांचं खरंच नुकसान होतं, नोकरीत होतं, कोर्टात होतं, बँकेत होतं, ते मला रोज समोर दिसतं म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

समजा कोणाचे १००० दिवस भरलेत. ३६५ ने भागलं की कॅल्क्युलेटर २.७४ दाखवतो. आता ह्या २.७४ चं काय करायचं? बरेच लोक सरळ २ वर्षं ७ महिने असं वाचतात कारण पॉइंटनंतर ७ आहे. पण ते ०.७४ म्हणजे एका वर्षाचे शंभर भाग केले तर त्यातले ७४, त्याला १२ ने गुणा, जवळजवळ ९ महिने येतात. म्हणजे पहिल्याच पायरीवर दोन महिने गेले. शिकलेली मुलंसुद्धा हे करतात, ठाण्याहून ऐरोली-महापेला आयटीत जाणारी मुलं बायोडेटाची प्रिंट काढायला येतात त्यात एक्सपिरियन्स ५.६ इयर्स लिहिलेला असतो, त्यांना म्हणायचं असतं ५ वर्षं ६ महिने, पण हिशोबाने ५.६ म्हणजे ५ वर्षं आणि सात महिन्यांच्या वर. आणि ज्याला ५ वर्षं १० महिने झालेत तो ५.१० लिहितो, कॉम्प्युटर त्याचं ५.१ करून टाकतो, म्हणजे ५ वर्षं आणि एक महिना. बिचाऱ्याचे नऊ महिने गायब आणि त्याला पत्तापण नाही.

जे जरा नीट हिशोब करतात ते १००० मधून ७३० वजा करतात, उरले २७०, त्याला ३० ने भागलं की ९, उत्तर २ वर्षं ९ महिने. हे इतकं बरोबर वाटतं की परत कोणी तपासतच नाही. पण कॅलेंडर समोर ठेवा आणि मोजा. १ जानेवारी २०२३ पासून १००० दिवस पुढे गेलं की येते २७ सप्टेंबर २०२५, म्हणजे २ वर्षं ८ महिने २६ दिवस. १ मार्च २०२१ पासून निघालात तर २६ नोव्हेंबर २०२३, म्हणजे २ वर्षं ८ महिने २५ दिवस. कुठूनही सुरुवात करा, १००० दिवसांत २ वर्षं ९ महिने होतच नाहीत, कारण लागोपाठचे कुठलेही नऊ महिने घेतले तरी ते २७३ दिवसांच्या खाली येत नाहीत, आणि दोन वर्षांचे कमीत कमी ७३० धरले तर १००३ तरी लागतातच.

ह्याचं कारण अगदी साधं आहे पण शाळेत कोणी असं मांडून सांगत नाही. दिवस हे पक्कं माप आहे, २४ तास, १४४० मिनिटं, ८६,४०० सेकंद (शास्त्रज्ञ मध्येमध्ये एखादा लीप सेकंद घालतात, शेवटचा २०१६ च्या शेवटी घातला, आपल्याकडे तेव्हा १ जानेवारीचे पहाटेचे साडेपाच होत आले होते, पण आपल्या फॉर्मला त्याने काही फरक पडत नाही). आठवडाही पक्का. महिना मात्र २८ चा, २९ चा, ३० चा, ३१ चा, कसाही, आणि वर्ष ३६५ किंवा ३६६. दिवसांचे आठवडे, तास, मिनिटं, सेकंद करा, कुठेही कधीही करा उत्तर एकच. दिवसांचे महिने आणि वर्षं करायची असतील तर सुरुवात कोणत्या तारखेला झाली ते सांगितल्याशिवाय अचूक उत्तर नसतंच. तारीख नसेल तर जे येतं तो अंदाज, आणि अंदाजावर कोणाची नोकरी ठरू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

नोकरीचंच सांगते कारण सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये अनुभवाचा कॉलम असतो, पासूनची तारीख, पर्यंतची तारीख, आणि पुढे वर्षं-महिने-दिवस आपोआप येतात. आता कंत्राटी ऑर्डर असतात १ एप्रिल ते ३१ मार्च अशा. १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२४ ही तीन वर्षं पूर्ण झाली ना? कोणीही सांगेल झाली. पण सॉफ्टवेअर एका तारखेतून दुसरी वजा करतं, त्यात एक टोक मोजलं जात नाही, आणि कॉलममध्ये येतं २ वर्षं ११ महिने ३० दिवस. जाहिरातीत लिहिलेलं असतं किमान ३ वर्षं. आमच्याकडे येणारी एक लॅब टेक्निशियन मुलगी, सगळी सर्टिफिकेटं नीट, मार्क चांगले, ती एवढ्यावरून छाननीत बाहेर पडली. मग जिथे काम केलं तिथून दोन्ही दिवस धरून तीन वर्षं पूर्ण असं लिहून आणायला सांगितलं, ते आणेपर्यंत कागदपत्र तपासणीची तारीख निघून गेली. एका दिवसासाठी. तोही तिने भरलेला दिवस, सुट्टी नव्हती ती. फॉर्म बनवणाऱ्याने वजाबाकीत फक्त एक मिळवला असता तर हे झालं नसतं, हे मी मनापासून सांगते कारण तिचं तोंड मी बघितलंय.

दोन-तीन ठिकाणचा अनुभव असेल तर अजून गोंधळ. एका ठिकाणी १ वर्ष ७ महिने २० दिवस, दुसरीकडे २ वर्षं ५ महिने १८ दिवस, बेरीज ३ वर्षं १२ महिने ३८ दिवस. १२ महिन्यांचं वर्ष करायला हरकत नाही, पण ते ३८ दिवस म्हणजे महिना आणि ८ दिवस की महिना आणि ७ दिवस? फेब्रुवारी धरला तर महिना आणि १० दिवस. बहुतेक ठिकाणी ३० चा महिना धरून पुढे जातात आणि ते ठीकच आहे, पण जाहिरातीत तसं लिहिलेलं नसतं, ते लिहा ना एका ओळीत.

आणि गंमत म्हणजे कायद्यांत वेगवेगळ्या कामाला वर्ष वेगवेगळं धरलंय, ते माहीत नसलं की माणूस भांडायलासुद्धा जात नाही. वागळे इस्टेट, टीटीसी ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात काम केलेल्या कुठल्याही जुन्या कामगाराला विचारा, २४० हा आकडा त्याला पाठ असतो, कारण सलग नोकरीच्या हिशोबात वर्षात २४० दिवस काम भरलं की ते पूर्ण वर्ष. म्हणूनच तर २४० भरायच्या आत ब्रेक द्यायची खोड पडली. ग्रॅच्युइटीत महिना ३० चा नाही, २६ चा धरतात, महिन्याच्या पगाराला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी, आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असले तर पूर्ण वर्ष मोजायचं. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं लागतात पण सहा महिने किंवा जास्त झाले की वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षंवाल्यालाही पेन्शन बसतं. हे न कळून साडेनऊ वर्षं झालेली माणसं पैसे काढून घेऊन मोकळी होतात. त्यांना कोणी सांगतच नाही की तुमची दहा भरली.

बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे आहे, ऑफिसमध्ये सगळे तिला सहा महिने म्हणतात. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. सहा महिने कुठून मोजता त्यावर १८१ पासून १८४ पर्यंत काहीही असतात. एचआरवाले एक तारीख सांगतात, बाई दुसरी धरून बसते, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

आता कोर्टाचं. आमच्या दुकानात चेक बाउन्सच्या नोटिसा टाइप होतात त्यामुळे हे मला तोंडपाठ झालंय. चेक मुळात तीन महिने चालतो, २०१२ च्या १ एप्रिलपासून, त्याआधी सहा महिने चालायचा. बँकेकडून चेक परत आल्याचं कळलं की ३० दिवसांत नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. आणि त्याने नाही दिले पैसे तर पुढे एक महिन्यात कोर्टात तक्रार. बघा, एकाच कामात तीन महिने, तीस दिवस, पंधरा दिवस, एक महिना. ह्यात ३० दिवस आणि एक महिना ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सामान्य माणसाच्या डोक्यात येईल का? जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणून १८९७ चा कायदा आहे, त्यात महिना आणि वर्ष दोन्ही इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे मोजायचे असं स्पष्ट आहे, ३० ने किंवा ३६५ ने भागून नाही. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने लवादाच्या एका प्रकरणात हेच सांगितलं की तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हे. जुलैत महिना म्हटलं तर ३१ दिवस मिळतात, फेब्रुवारीत २८. ज्याने दोन्हीकडे ३० धरले तो एकीकडे उगाच घाईत आणि दुसरीकडे मुदत गेली म्हणून बाहेर.

त्याच कायद्यात असंही आहे की अमुक तारखेपासून म्हटलं की ती पहिली तारीख सोडून मोजायचं, आणि शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा ऑफिस बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं चालतं. पण म्हणून सगळीकडे पहिला दिवस सोडतात असंही नाही हां. आरोपीला ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, तिथे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ठरवलं की रिमांडचा पहिला दिवस मोजायचा. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी, तिथे नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडायचे, आणि घोडबंदर रोडला जेवढ्या सोसायट्या तेवढी ह्यावरची भांडणं. मोठमोठ्या वकिलांना ज्यावर सुप्रीम कोर्टात जावं लागलं ते एखाद्या घरकाम करणाऱ्या बाईने किंवा रिक्षावाल्या दादाने नोटीस हातात घेऊन स्वतः मोजावं अशी अपेक्षा कशी करायची? नोटीस काढणाऱ्याला तारीख माहीत असते. त्याने ती लिहावी.

बँकेत ४४४ दिवसांच्या ठेवी निघाल्यात, आजी-आजोबा पावती घेऊन झेरॉक्सला येतात आणि विचारतात दीड वर्ष ना गं? नाही. ४४४ म्हणजे १ वर्ष आणि ७९ दिवस, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर १ वर्ष ७८ दिवस, म्हणजे सव्वा वर्षाच्याही थोडं आत. दीड वर्ष समजून बसलेला माणूस मुदत संपली तरी तीन महिने बँकेत जात नाही. दुसरं असं की कोणीतरी त्यांना सांगतं लाखाला साडेआठ हजार मिळणार, आणि ते शेजारच्या बँकेच्या वर्षाच्या सात टक्क्यांशी तुलना करतात. अहो ७ टक्के सरळ व्याजानेच ४४४ दिवसांचे ८,५१५ होतात, दर तोच आहे, दिवस जास्त आहेत म्हणून आकडा मोठा दिसतो. तुलना करायची तर दोन्ही एका वर्षावर आणूनच करायची. सरकारची स्वतःची उधारी बघा किती व्यवस्थित असते, ट्रेझरी बिलं ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची, म्हणजे बरोबर १३, २६ आणि ५२ आठवडे, ज्या वारी सुरू त्याच वारी संपतात. तिथे महिने-वर्षांची भानगडच ठेवली नाही.

मोबाईलच्या रिचार्जचं सगळ्यांना माहीत आहे तरी लिहिते. २८ दिवसांना महिना म्हणून विकलं की वर्षात १२ ऐवजी १३ रिचार्ज होतात, २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. ८४ दिवसांना तीन महिने म्हणतात, तीन महिने कधीच ८९ च्या खाली नसतात. २०२२ मध्ये ट्रायने (मोबाईल कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना सांगितलं की निदान एकेक प्लॅन ३० दिवसांचा आणि एकेक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारा ठेवा, ते चांगलंच झालं, पण दुकानात गेल्यावर तो प्लॅन मागून घ्यावा लागतो, आपणहून कोणी दाखवत नाही.

वर्तमानपत्रांबद्दलही बोलते, राग मानू नका. सुनीता विल्यम्स परत आल्या तेव्हा सगळीकडे २८६ दिवस छापून आलं. २८६ ला ३० ने भागलं की ९ महिने १६ दिवस येतात. पण त्या गेल्या ५ जून २०२४ ला आणि उतरल्या १८ मार्च २०२५ ला, म्हणजे ९ महिने १३ दिवस. त्यात परत आपल्याकडे त्या उतरल्या तेव्हा १९ तारीख उजाडली होती, भारतीय तारखा धरून वजाबाकी केली तर २८७ येतात, म्हणून दोन्ही तारखा एकाच जागेच्या घड्याळाने घ्यायच्या. आठ-दहा दिवसांसाठी गेलेली बाई एवढे दिवस वर राहिली, त्यात तीन दिवसांनी काय फरक पडतो असं कोणी म्हणेल, पण बातमीत जाण्या-येण्याची तारीख दिली की वाचणारा पोरगा स्वतः मोजून बघतो, हा फायदा मला मोठा वाटतो.

आपल्या जुन्या लोकांना हे मोजणं आपल्यापेक्षा चांगलं जमायचं असं माझं मत आहे. गरोदरपणाला नऊ महिने नऊ दिवस म्हणायचे ना, डॉक्टर ४० आठवडे म्हणजे २८० दिवस सांगतात आणि तारीख काढताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवतात. कॅल्क्युलेटर नसताना दोन दिवसांच्या फरकाने हिशोब बसवला होता. सहस्रचंद्रदर्शन बघा. हजार पौर्णिमा म्हणजे हजार महिने, १२ ने भागलं तर ८३ वर्षं ४ महिने यायला पाहिजेत, मग आपण ते ऐंशी-एक्याऐंशीला का करतो? कारण चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, नीट सांगायचं तर २९.५३ चा. हजार महिन्यांचे होतात साधारण २९,५३१ दिवस, आणि त्याची वर्षं केली तर ८० वर्षं आणि दहा महिन्यांच्या आसपास. आणि बारा चांद्रमहिने ३५४ दिवसांतच संपतात, वर्षाला अकरा दिवस मागे पडतात, ते साठत साठत पावणेतीन वर्षांनी एक अख्खा महिना होतो तो अधिक मास. २०२३ ला अधिक श्रावण, त्यानंतर २०२६ ला अधिक ज्येष्ठ. एका मापातून दुसऱ्यात जाताना जो उरतो तो टाकून द्यायचा नाही, कुठेतरी नोंदवायचा, हे पंचांगवाल्यांना केव्हाच कळलं होतं.

इंग्रजी कॅलेंडरमध्येही तेच केलंय. वर्ष असतं सुमारे ३६५.२४२२ दिवसांचं. दर चार वर्षांनी एक दिवस घातला तर ते ३६५.२५ होतं, हा फरक वर्षाला अकरा मिनिटांचा, पण शेकडो वर्षांत तो इतका साठला की १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरावी लागली. तेव्हापासून शंभराचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप. २००० होतं, १९०० नव्हतं, २१०० नसणार. एक्सेलमध्ये मात्र २९ फेब्रुवारी १९०० ही कधी नसलेली तारीख अजून आहे, लोटस नावाच्या जुन्या प्रोग्रॅममधली चूक जुळवून घ्यायला तशीच ठेवली, त्यामुळे फार जुन्या तारखांना एक्सेलवर डोळे झाकून विसंबू नये.

ठाणेकरांसाठी एक हिशोब देते, मुलांकडून करून घ्या. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला आली, वार शनिवार. १६ एप्रिल २००३ ला दीडशे वर्षं झाली. मधले दिवस किती? १५० गुणिले ३६५ म्हणजे ५४,७५०, त्यात लीपचे ३६ (१८५६ ते २००० दर चार वर्षांनी ३७ येतात, त्यातलं १९०० काढायचं), एकूण ५४,७८६. आता हे उलट करा. ३६५ ने भागलं तर १५० वर्षं आणि वर ३६ दिवस येतात, महिनाभर चूक. ३६५.२५ ने भागलं तर दीडशेला दीड दिवस कमी पडतो. ३६५.२४२५ ने भागलं तर अर्ध्या दिवसाच्या आत बरोबर. आणि तपासायचं कसं तर वाराने, ५४,७८६ ला ७ ने भागलं की बाकी ४, शनिवारपासून चार वार पुढे बुधवार, आणि १६ एप्रिल २००३ ला बुधवारच होता. १९०० चा नसलेला दिवस चुकून धरला असता तर गुरुवार आला असता आणि चूक लगेच पकडली गेली असती. वार हा फुकटचा तपासनीस आहे, मी दुकानात प्रत्येक मोठ्या हिशोबाला हेच करते. ह्याच ५४,७८६ मुळे हेही कळतं की अंदाजच हवा असेल तर ३६५.२५ ने भागा, चालेल. पोरांना सांगायला बरं, दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस आणि शंभर कोटी सेकंद म्हणजे ३१ वर्षं ८ महिने, तिथे कोणी तारीख विचारत नाही.

पण जिथे हक्क आहे, पैसा आहे, मुदत आहे तिथे आधी तारखेवरून पूर्ण वर्षं मोजा, मग पूर्ण महिने, आणि मग जे उरतील ते सुटे दिवस. अगदी बोटांवर होतं. पाचवी-सहावीच्या मुलांना ३६५ दिवस म्हणजे १ वर्ष एवढंच घोकायला न लावता दोन तारखा देऊन मधला काळ काढायला लावला तर ती पुढे फॉर्म भरताना अडणार नाहीत. आणि ज्या ज्या ऑफिसातून नोटीस, मंजुरी, ऑर्डर, पावती निघते तिथे ३० दिवसांत, ९० दिवसांत असं लिहून थांबू नये, शेवटची तारीख आकड्यात लिहावी, तिच्यासोबत वार लिहावा, सुट्ट्या धरून की कामाचे दिवस तेही लिहावं. माहिती अधिकारात अर्ज टाकला की ३० दिवस, बाळाचा जन्म नोंदवायचा तर २१ दिवस, विम्याच्या वार्षिक हप्त्याला ग्रेस ३० दिवस, प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटरवरच कागद निघतो, तारीख छापायला एक पैसा जास्त लागत नाही.

वेळेचंही तसंच. ३१ तारखेला रात्री १२ पर्यंत असं लिहितात, आता ते ३० ची रात्र संपतानाचे १२ की ३१ ची रात्र संपतानाचे? ह्यावरून लोक शेवटच्या दिवशी दुकानात येतात आणि साइट बंद झालेली असते. ३१ तारखेला रात्री ११.५९ लिहिलं की विषय संपला.

तुमच्याकडे माझी विनंती एवढी आहे की नोकरीच्या जाहिराती, सरकारी योजना, बँकांच्या ठेवी ह्यांच्या बातम्या छापताना दिवसांच्या आकड्याशेजारी शेवटची तारीख आणि वर्ष-महिने-दिवस द्यायची पद्धत पाडा, आणि अनुभवाच्या जाहिरातीत दोन्ही तारखा धरून मोजायचं की एक सोडून हे जाहिरात देणाऱ्याला विचारूनच छापा. पुढच्या महिन्याच्या भरतीच्या जाहिराती यायला लागल्यात, त्यातल्या दोन-चार घेऊन मी असा हिशोब करून तुमच्या ऑफिसला पाठवायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, कोर्टनाका, ठाणे